बारा जणांचं पुरुमेंत

पेडण्याच्या बाजारात भाड्याच्या मोटरसायकली रांगेनं उभ्या असतात. त्यांत गोकुळदासची गाडी लांबून ओळखू येई, कारण तिच्या मागच्या सीटला लोखंडी टेकण होतं. वर रेक्झिनची उशी शिवलेली.

"गोकुळदास, आता छप्परय घाल वरसून," रांगेतला विठू म्हणायचा. "म्हणजे लग्नाचीय भाडी गावतली."

"तुझ्या लग्नाक फुकट आणतंय. पण चेडू खंय असा?" गोकुळदास उलट विचारायचा.

टेकण विनितासाठी होतं. विनिता त्याची धाकटी बहीण. दोघांची लग्नं राहिली ती राहिलीच, आणि आई शेवंती गेल्यावर पार्सेच्या घरात ही दोघंच उरली. विनिताची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली, तेव्हापासून आठवड्यातून तीनदा तो तिला डायलिसिससाठी म्हापशाच्या इस्पितळात नेऊ लागला. येताना ती इतकी थकलेली असे की तोल जाई. म्हणून त्यानं टेकण लावून घेतलं.

जाताना मात्र तिचं तोंड थांबत नसे. "दादा, कोठारात तांदूळ कमी पडतलो. बारा माणसां, थंडी तोंडार." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा शिवोलीच्या पुलावर गोकुळदासनं गाडी बाजूला घेतली होती. "कोण बारा माणसां गो बाय?"

ती संगणकावरच्या खेळातली माणसं होती. ओसाड डोंगरावर येऊन पडलेली बारा जणं. त्यांना घरं बांधून द्यायची, शेत पिकवून घ्यायचं, आजारपणात औषध द्यायचं, लांडग्यांपासून राखायचं. एकेकाचा स्वभाव वेगळा, एकेकाचं रुसणं वेगळं. गोकुळदासला खेळात रस नव्हता, पण बारा जणांच्या संसाराची काळजी त्याला कळत होती. "थंडीआधी पुरुमेंत भर गो," त्यानं सल्ला दिला. पावसाळ्यापूर्वी त्यांची आई तांदूळ, सुकी मासळी, चिंच आणि मिठाच्या पाण्यातली तोरं, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, भरून ठेवायची, तसं. विनितानं तसंच केलं, आणि त्या वर्षी एकही माणूस दगावला नाही. पुढे पुलावर सल्लामसलत दर खेपेची झाली.

खेळ बनवणाऱ्यांनी न दिलेल्या गोष्टीही ती त्यात घालायची. त्याला मॉड म्हणतात. "म्हणजे काय गो?"

"तू गाडयेक टेकण लावलंस मां? कंपनीन खंय दिलेला? तसाच."

तिनं स्वतः एकच मॉड केलं होतं. त्याचं नाव शेजार. गावात कुणी मेलं की चूल विझवायची, आणि तीन दिवस पूर्वेच्या वाटेनं शेजारचे लोक रांधलेलं जेवण घेऊन यायचे. मरणाच्या घरात चूल पेटत नाही, हे त्या खेळाला कुठून ठाऊक असणार?

एकदा परतताना तिनं टेकणावर डोकं टाकून म्हटलं, "दादा, माका काय झाला तर त्यांका थंडीपार कर. वहीत सगळा लिवलंय."

"गप बस," तो म्हणाला. ऑक्टोबरात ती गेली.

सुतकात पायलटकी, म्हणजे मोटरसायकलनं भाडी मारणं, बंद. शेजारच्या पार्वतीकाकी सकाळ-संध्याकाळ पेज आणून ठेवत. बाराव्यापर्यंत करायचं काय, म्हणून तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं विनिताचा लॅपटॉप उघडला. नेट मागितलं म्हणून मोबाइल जोडला. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी विचारलं गेलं, त्यानं होय केलं. बराच वेळ एक निळी पट्टी सरकत राहिली.

मग वही उघडून तो एकेक ओळ बोटानं वाचत गेला. 'येईल त्या वाटसरूला ठेवून घेऊ नये, आधी कोठार बघावं.' 'वैदीण आजारी पडली तर बाकीची कामं थांबली तरी चालतील, तिला आधी बघावं.' 'जेवायला मेज असावं. जमिनीवर बसून जेवली की माणसं खंतावतात.' बारा जणांत एकीचं नाव शेवंती होतं. पांढऱ्या केसांची, चुलीपाशी वावरणारी. विनितानं आईला तिथं नेऊन ठेवलं होतं.

दोन दिवसांत त्याचा हात बसला. खेळात बर्फ पडू लागलं, आणि शेवंतीला ताप भरला. वैदिणीनं होतं नव्हतं ते औषध दिलं, तरी ती गेली. गोकुळदास पडद्यासमोर हात जोडून बसला. मग त्यानं वही बघितली. 'कुणी गेलं तर चूल विझवावी. कोठाराला बंदी घालावी. शेजारी येतील.' त्यानं तसं केलं.

शेजारी आले नाहीत. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. माणसं चुलीपाशी येत आणि उपाशी परत जात. तो पूर्वेची वाट बघत राहिला. आज नाही तर उद्या येतले. सुतकात आपणच चूल पेटवायची, हे त्याच्या मनात आलं नाही असं नाही. पण आवयचं सुतक होतं, आणि विनितानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. पाचव्या दिवशी वैदीण शेतात पडली, ती उठलीच नाही. तिच्यामागून आणखी तिघं. तेव्हा कुठं त्यानं खेळ थांबवला.

बाराव्यानंतर तो लॅपटॉप घेऊन सुविधाकडे गेला. पेडण्याच्या बाजारात तिचं संगणकाचं दुकान, आणि ती त्याचं रोजचं गिऱ्हाईक. तिनं थोडा वेळ बघितलं.

"गोकुळकाका, खेळ नवो झालो. ताईचा मॉड जुन्याक चलता, नव्याक नाय. म्हणून कोण येवक नाय."

"माझ्या होय करण्यान?"

सुविधा विनिताच्या मॉडची फाइल उघडून वाचू लागली. "हांगा शेजाऱ्यांची नावां घालूची असतत. सहा जागा असत. सगळ्यांत एकच नाव असा. गोकुळदास. आणि आणतत ता पेज आणि तोर."

गोकुळदास स्टुलावर बसला. कोविडच्या दुसऱ्या लाटेत आई गेली, तेव्हा घरावर बंदी होती. कुणाला येता येत नव्हतं. दोन दिवस दोघं भावंडं विझलेल्या चुलीसमोर बसून होती. तिसऱ्या दिवशी त्यानं मागीलदारी तीन दगड मांडले, पेज शिजवली आणि आईनंच भरून ठेवलेल्या बरणीतलं तोर काढलं. "दादा, सुतकात चूल?" विनितानं विचारलं होतं. "खा गो," एवढंच तो म्हणाला होता.

"ताईन शेवटचो राखून ठेवलेलो खेळ हांगाच असा," सुविधा म्हणाली. "जुनो खेळ परत घालूया. बाराय जणां जिवंत येतली. शेवंतीय."

तिनं ते उघडून दाखवलं. अंगणात भात वाळत होतं. म्हातारी चुलीपाशी होती. कोपऱ्यात तारीख होती, विनिता गेली त्याच्या आदल्या सकाळची.

त्यानं वाकून म्हातारीला बघितलं. मग म्हणाला, "ह्या बंद कर. माझ्या हातान परत काय तरी जायत. ह्या तिचा, तसाच रवांदे. माझा उघडून दी."

सात जणं उरली होती. त्यानं कोठाराची बंदी काढली आणि चूल पेटवली. मग स्टँडवर परतला. त्या महिन्यात दुपारची भाडी सोडून तो घरी जायचा आणि त्या सातांना बघायचा. औषध जपून वापरलं. मेज मोडलं होतं, ते आधी करून घेतलं. बर्फ वितळेपर्यंत सातातला एकही गेला नाही.

दुसऱ्या दिवशी म्हापशाचं भाडं मिळालं, एक अनोळखी बाई. पूल आला, आणि गोकुळदास सवयीनं मान किंचित वळवून बोलला, "बाय, थंडी सरली गो. सात वाचली."

"काय म्हणालात?" मागून आवाज आला.

"काय नाय," तो म्हणाला. "टेकून बसा."