उन्हाकडची सीट

मे महिन्यात राळेगाव-यवतमाळ एसटीत सगळे सावलीची बाजू धरतात. एक तरुणी मात्र मांडीवर लॅपटॉप उघडून उन्हाच्या खिडकीशी बसली होती. सावलीकडे दोन जागा रिकाम्या आहेत, असं मी तिला सांगितलं.

"नको काका, मले ऊनच पाहिजे."

कुतूहलाने मी शेजारी बसलो. ती पुण्यात नोकरीला होती. प्रोसेसर तापला की आपला वेग गुपचूप कमी करतो. त्याला ते कळवायला लावणारा प्रोग्राम, म्हणजे संगणकाच्या मूळ प्रणालीतला, कर्नेलमधला, ड्रायव्हर, तिने लिहिला होता.

"ऑफिसच्या एसीत हा तापतच नाही. आज संदेश नाही आला, तर साहेब माह्यं काम फेटाळतीन."

"वेग कितीने कमी होतो?" मी विचारलं.

"निम्म्यावर येते."

कळंबच्या पुढे पडद्यावर ओळ उमटली, उष्णतेमुळे वेग कमी केला आहे. तिने मोबाइलवर फोटो काढला आणि लॅपटॉपला थोपटलं. मग तिचं लक्ष माझ्या भिजलेल्या सदऱ्याकडे गेलं.

"काका, तुमाले ऊन नाही लागून राह्यलं?"

"नाही."

"हाबी कालपर्यंत असंच म्हणे," लॅपटॉपकडे बोट दाखवत ती म्हणाली.

मी उठून सावलीकडे बसलो.