रिकाम्या रकान्याला पैकीच्या पैकी

हिंजवडीत जो तो संगणकाच्या नोकरीला लागत होता, तेव्हा मी नदीचं पाणी बाटल्यांत भरत हिंडत होतो. पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी रसायनतज्ज्ञ होतो. म्हणजे बाटल्या विसळणारा पदवीधर. पण आपणही काही कमी नाही, हे दाखवायची खुमखुमी दांडगी. सदाशिव पेठेत संध्याकाळचा कॉम्प्युटर क्लास लावला आणि पाण्याचा गुणवत्ता निर्देशांक काढणारा प्रोग्रॅम स्वतः लिहिला. ऑक्सिजन, गढूळपणा, जंतू अशा एकेका तपासणीला गुण द्यायचे आणि सगळ्यांचा मिळून शंभरपैकी एक आकडा काढायचा. पाण्याचं प्रगतिपुस्तकच म्हणा ना.

मांजरीजवळ नदीकाठी नमुने घेताना तिथल्या एका शेतकरी मावशींनी मला गाठलं. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. विहीर दारातच, पण घाण नदीला लागून. म्हणून पिण्याचं पाणी मावशी लांबच्या नळावरून डोक्यावर आणत.

"आमच्या हिरीचं बी बघा की सायेब. पोरीला पाजलं तर चालंल का?"

मी ऐटीत बाटली भरली. जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक केलेली वेगळी बाटली बर्फात ठेवून न्यावी लागते. बर्फ आणायचा मला त्या दिवशी कंटाळा आला होता. ती तपासणी राहिली.

आठवड्याने छापील कागद घेऊन गेलो आणि मोठ्याने वाचून दाखवला. 'उत्तम.' मावशींचा चेहरा असा खुलला की मला वाटलं, आता सत्कारच होतोय आपला. त्यांनी लगेच विहिरीचं पाणी शेंदलं आणि तांब्या पुढे केला. मी तांब्याकडे पाहिलं, मग पलीकडच्या फेसाळ नदीकडे पाहिलं.

"नको, आत्ताच चहा झालाय," म्हणालो आणि स्कूटरला किक मारली.

हडपसरपर्यंत स्वतःवर भलताच खूश होतो. मग मनात पाल चुकचुकली. एवढं उत्तम, तर मी का नाही प्यायलो? प्रयोगशाळेत जाऊन प्रोग्रॅम उघडला. जंतूंचा रकाना रिकामा! प्रोग्रॅमच्या लेखी रिकामा म्हणजे शून्य, आणि शून्य जंतू म्हणजे पैकीच्या पैकी गुण. अहो, न दिलेल्या पेपरात मी पाण्याला पहिलं आणलं होतं. त्या पोरीच्या पोटात ते पाणी गेलं असलं तर?

तशीच स्कूटर उलटी फिरवली. मावशी दारातच होत्या.

"मावशी, चुकलो. तपासणी अर्धवटच केली मी. ते पाणी पोरीला देऊ नका," एका दमात बोललो. लाजेने मान वर होईना.

मावशींनी डोक्यावर चुंबळ ठेवली, नळावर न्यायची रिकामी घागर उचलली.

"दिलंच न्हाई. कागदातलं मला काय कळतंय? मी तुमच्याकडं बघत हुते. तुम्ही तांब्याला हात बी लावला न्हाई."