आपली उपस्थिती हाच आहेर

मुरुडच्या नलूचा छापखाना चालायचा लग्नपत्रिकांवर आणि लॉजच्या बिलबुकांवर. त्यातून जे उरायचं, त्यात ती वर्षाकाठी एक कवितासंग्रह काढायची. नवरा हरी मशीनला तेल घालता घालता म्हणायचा, "लोकांकडे लोणची मुरतात, आमच्याकडे कविता. पोटमाळ्यावर."

या वर्षी रहिमुन्निसा आपांचा संग्रह निघाला. आपा शाळेतून निवृत्त झालेल्या, चाळीस वर्षं वह्यांच्या मागच्या पानांवर लिहीत आलेल्या. छापल्या तीनशे प्रती. हरीने आधीच बजावलं होतं, "शंभर विकल्या गेल्या तर पुढचं पुस्तक. नाहीतर यापुढे नुसत्या पत्रिका." नलू कबूल झाली होती.

प्रकाशनाला हॉल भरला. लोक नटूनथटून आले, वडे खाल्ले, पुस्तक उचललं आणि आपांपुढे धरलं. "सप्रेम भेट लिहा हं, आपा." आपा मान वर न करता लिहीत होत्या. ढीग निम्म्यावर आला, तरी पैशांचा डबा रिकामाच.

नलूने धीर करून एका मास्तरांना विचारलं, "सर, पुस्तकाचे पैसे?"

मास्तर चकित झाले. खिशातून निमंत्रण काढून त्यांनी बोट ठेवलं. सगळ्यात खाली, वेलबुट्टीत: 'आपली उपस्थिती हाच आहेर.'

नलूने निमंत्रण हातात घेतलं. मागच्या लग्नाची पत्रिका कॉम्प्युटरवर उघडून तिनेच नावं बदलली होती. आपांच्या कवितांतली वेलांटी न् वेलांटी चारदा तपासली. निमंत्रण एकदाही वाचलं नव्हतं.

मासळीबाजारातल्या सोनाबाईने हे ऐकलं आणि ती दारातच गरजली, "आहेर न्हाय म्हनून बोहनी पन न्हाय? पापलेट नेता का असं फुकट?" तिला स्वतःला वाचता येत नव्हतं. दोनशेची नोट डब्यात टाकून तिने दारात ठाण मांडलं. तिच्यासमोरून फुकट पुस्तक न्यायची छाती कोणाची? पण निम्मे लोक केव्हाच घरी पोचले होते. एक्केचाळीस प्रतींचे पैसे आले.

हरीने उरलेल्या प्रती पोटमाळ्यावर चढवल्या. तेच नलूला जास्त लागलं.

आठवड्याने कोळीवाड्यातला धर्माजी धाकट्या मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायला घेऊन आला. "खाली ती ओळ टाका, वैनी. उपस्थिती हाच आहेर." नलू लिहून घेऊ लागली.

मशीनमागून हरीने विचारलं, "आणि तुम्ही पाहुण्यांना परत काय देणार? पुन्हा स्टीलची वाटीच?"

"मंग काय देऊ?"

हरीने हात पुसले आणि आपांचं पुस्तक पुढे ठेवलं. धर्माजीने ते उलटून पालटून पाहिलं. "होड्या हायत का ह्याच्यात?"

"चार कवितांत," नलू घाईघाईने म्हणाली.

"मंग साठ द्या."

तो गेल्यावर नलूने एक्केचाळीसात साठ मिळवले. "एकशे एक झाल्या."

"आहेराचाच आकडा," हरी म्हणाला. "पुढचा कवी शोध आता. आणि निमंत्रण मी वाचणार."