शेटच्या वाडीतलं मैदान

पनवेलजवळच्या कोन गावाशेजारी मुंबईच्या एका शेटची आंब्यांची वाडी होती आणि वाडीच्या मधोमध क्रिकेटचं मैदान. शेटच्या वडिलांनी हौसेपोटी भातखाचरांचे बांध मोडून ते करून घेतलं होतं. ते वारले, शेट फिरकेनासा झाला, पण वाडी सांभाळणारे काका मैदानावरचं गवत कापत राहिले. कापू नका, असं त्यांना कोणी कळवलंच नव्हतं.

नव्वदच्या आसपास आम्ही पनवेलच्या कचेरीतली माणसं दर रविवारी सायकलींवरून तिथे जायचो. मला जाड भिंगांचा चष्मा होता, म्हणून मला अंपायर केलं होतं. काका स्वतः कधी खेळले नाहीत. आग्रह केला तर म्हणायचे, "मोठ्या शेटनी मना गवत कापाला ठेवलाय. खेलाला नाय."

एका रविवारी गेलो तर मैदानात मोजणीचे दगड पुरलेले. शेटने जागा प्लॉट पाडायला विकली होती. मग कोणीतरी म्हणालं, दगडाला चेंडू लागला तर दोन रन धरू. पुढचे पाच-सहा रविवार तसेच खेळलो. एक दगड नेमका शॉर्ट लेगला होता. तिथे उभं राहायला एरवीही कोणी तयार नसे.

शेवटच्या रविवारी पोचलो तेव्हा काकांचं गवत कापून झालं होतं.

"उद्या बुलडोझर येनार हाय," ते म्हणाले.

"मग कापलंत कशाला?"

"तुमी येनार व्हते ना."

आमच्या कॅप्टनने बॅट त्यांच्या हातात दिली. या वेळी ते नाही म्हणाले नाहीत. कोयता धरावा तशी बॅट धरून उभे राहिले. बोलिंगला आमचे साहेब होते. पहिल्याच चेंडूवर काकांचा मधला स्टंप उडाला.

मी हात आडवा केला. "नो बॉल."

साहेबांनी आपल्या पायाकडे पाहिलं. तो रेघेच्या चांगला वीतभर मागे होता. माझ्याकडे पाहिलं. मग परत रनअपला गेले. महिनाअखेरीस माझा बढतीचा अर्ज त्यांच्याच टेबलावर जायचा होता.

पुढचा चेंडू काकांनी असा भिरकावला की तो आंब्यांच्या झाडीत गेला तो गेलाच. आम्ही अर्धा तास शोधला. दुसरा चेंडू कोणी आणला नव्हता, त्यामुळे सामना तिथेच संपला. काका नाबाद राहिले.

मला बढती मिळाली. काका उरणला लेकीकडे राहायला गेले. कॅप्टनने पुढे त्याच जागेत प्लॉट घेऊन घर बांधलं. स्वयंपाकघर साधारण मिड-ऑनला येतं. वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो होतो. काकांना पत्रिका मीच नेऊन दिली होती. ते आले नाहीत.