बाजूला बसणारा

बिबवेवाडीत आमच्या सोसायटीखालच्या गाळ्यात एक सुतार आहेत. लाकडाला सरळ भोक पाडणारं मोठं यंत्र त्यांच्याकडे नाही. हातातलं ड्रिल आणि काटकोन दाखवणारा गुण्या, एवढ्यावर त्यांचं काम चोख चालतं. मात्र त्यांना बाजूने बघायला एक माणूस लागतो. गिऱ्हाईक, पोस्टमन, जो सापडेल तो.

"डावी-उजवीकडचा कल मला दिसतो," ते म्हणतात. "पुढे-मागे झुकलेलं ज्याचं त्याला दिसत नाही. बसा."

माझ्या पुस्तकांच्या शेल्फच्या वेळी मीच उकिडवा बसलो. ड्रिल त्यांच्या अंगाकडे थोडं झुकलेलं मला स्पष्ट दिसलं. पण आयुष्यभर हेच काम केलेल्या माणसाला मी काय सांगणार?

"बरोबर?" त्यांनी विचारलं.

"अगदी," मी म्हणालो.

भोक आरपार गेलं. त्यांनी त्यात दांडी बसवली आणि गुण्या लावला. दांडी तिरकी होती. त्यांनी ती फळी बाजूला ठेवली, नवी घेतली, तिच्यावर खूण केली.

"अहो, मान राखायचा असेल तर घरी या, चहा घेऊ. इथे तुम्हाला डोळे आहेत म्हणून बसवलंय."

ड्रिल पुन्हा सुरू झालं. "अंगाकडे येतंय!" मी जवळजवळ ओरडलोच. त्यांनी हात केसभर सावरला. कौतुक वगैरे काही केलं नाही.

परवा गाळ्यावरून जात होतो. आत दोन गिऱ्हाइकं रिकामी उभी होती. तरी त्यांनी हाक मलाच मारली, "अहो, जरा बाजूला बसता का?"