खंडेनवमीला उघडलेला डबा

फोटो स्टुडिओत बसणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत न्हाय. लोक फोटो घेऊन जातात अन् किस्सा बाकावर ठेवून जातात. मी दत्ताच्या स्टुडिओची जीप चालवायचो, गावोगावच्या लग्नाला. डोळ्याला कमी दिसायला लागलं तसं जीप कमी केली. दत्ता म्हणला, "हबीबचाचा, घरी बसून काय करताव? दुकानात बसा." तेव्हापासून धाराशिवात त्याच्या दुकानातला दाराजवळचा बाक माझा. त्या बाकावरून बघितलेलं सांगायला बसलो तर चहाची किटली रिकामी होईल. पण कुणीबी आलं की म्हणतं, "चाचा, ते डब्याचं सांगा."

तर डब्याचं सांगतो. सावकाश सांगतो, मला घाईनं सांगता येत न्हाय.

* * *

डबा म्हंजे एक काळी पेटी, शिलाई मशीनच्या झाकणाएवढी. तिच्यात एकावर एक चार कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक डिस्क सरकवलेली. दुकानातल्या सगळ्या कॉम्प्युटरला वायरनं जोडलेली. दत्तानं मला कौतुकानं समजावलं. एका लग्नाचे बारीक तुकडे करून डबा ते चारी डिस्कांवर वाटून ठेवतो. एक डिस्क मेली तरी बाकीच्या तिघी तिचं काम भागवतात.

मी ड्रायव्हर माणूस, मला ते जीपच्या भाषेत कळलं. एक चाक पंक्चर झालं तर स्टेपनी लावून घर गाठता येतं. मी इचारलं, "आणि दोन चाकं पंक्चर झाली तर?"

दत्ता हसला. "दोन कशाला होतील, चाचा?"

त्याचा एकच हुकूम होता : डबा कधीच बंद करायचा न्हाय. उन्हाळ्यात लाईट गेली की इन्व्हर्टर डब्याला, पंखा बंद. एकदा तामलवाडीची एक बाई पासपोर्ट फोटोला आलेली, पदरानं वारा घेऊन घेऊन थकली. शेवटी म्हणली, "भाऊ, फोटो राहू द्या. मला त्या पेटीत बसवा."

* * *

आता ढोकीचं लग्न. पुढचं सगळं त्याच्यावर हाय.

ढोकीचे आप्पा साखर कारखान्यात बॉयलरवर होते, आता रिटायर. एकुलती लेक, मनीषा. लग्नाच्या दिवशी सकाळी आप्पांच्या छातीत कळ आली. लोकांनी गाडीत घातलं, सोलापूरला नेलं. गाडीत बसताना आप्पा एवढंच बोलले, की माझ्यासाठी मुहूर्त चुकवू नका. चुलत्यानं कन्यादान केलं. मी मांडवाबाहेर जीपजवळ उभा होतो. वाजंत्री वाजत होती अन् ऐकणारा प्रत्येकजण खिशातल्या मोबाईलवर हात ठेवून होता, सोलापूरहून काय फोन येतोय म्हणून.

दत्ताचा शूटिंगचा एक नियम हाय, नवरा-नवरीनं कॅमेऱ्याकडं बघायचं न्हाय. बघितलं की पिक्चर खोटा वाटतो म्हणतो. पण त्या दिवशी मनीषा सारखी कॅमेऱ्याकडंच बघायची. दत्ता सांगून थकला, "ताई, इकडं नका बघू, भटजीकडं बघा." परत येताना जीपमधी कुरकुरला, "लई कापावं लागंल, चाचा."

आप्पा वाचले. ऑपरेशन झालं, महिनोन्महिने अंथरुणावर होते. मोबाईलवर त्यांनी लग्न बघितलं ते म्हंजे पाव्हण्यांची डोकी अन् मांडवाचं कापड. घरच्यांनी दत्ताला सांगितलं, घाई नको, दिवाळीला लेक-जावई आले की सगळे मिळून बघू. म्हणून ते काम मागं राहिलं. कॅमेऱ्याची कार्डं पुढच्या लग्नासाठी पुसली गेली. लेकीचं लग्न उरलं फक्त डब्यात.

* * *

खंडेनवमीला दुकानात यंत्राची पूजा असते. दत्ता नवरात्राच्या शूटिंगला तुळजापूरला गेलेला. पूजा त्याच्या आईची, राधाक्कांची. कॅमेरे, लाईट, स्टँड, जीपची चावी, सगळं पाटावर मांडलं. एडिटिंग करणारा महादू डबा उचलायला गेला, तर वायरी आड आल्या.

राधाक्का म्हणाल्या, "लग्नं आत हायत ना? मग पत्र्याला कुंकू लावून काय उपेग? आतलं काढ."

महादूला मालकाचा हुकूम पाठ होता, डबा बंद करायचा न्हाय. त्यानं तो पाळला. चालू डब्यातून वरपासून खालपर्यंत चारी डिस्का ओढून काढल्या, धूळ पुसली, पाटावर ओळीनं मांडल्या. तिसरी हातात आली तोवर डबा टीं टीं करून वरडायला लागला.

राधाक्कांनी हात जोडले. "बघा, देवीनं घंटा वाजवली."

आरती झाली, परसाद झाला. महादूनं डिस्का हाताला येतील तशा परत आत सरकवल्या. डब्यावर लाल दिवा लागला तो जाईना. कॉम्प्युटरवर कायतरी इंग्रजीत इचारलं, खाली दोन बटनं, हो किंवा न्हाय. महादूचं बोट 'हो'वर गेलं होतं. राधाक्का जोरात बोलल्या, "हात काढ. नवमीला यंत्राला आराम असतो. आज कुठलंच बटन दाबायचं न्हाय."

मागनं कळलं, त्या 'हो'नं डबा पार कोरा झाला असता. म्हंजे ज्या पूजेनं बुडवलं, त्याच पूजेनं धरून ठेवलं. आता राधाक्कांना काय बोलावं, ते आजवर कुणाला ठरवता आलेलं न्हाय.

* * *

दत्ता आला, लाल दिवा बघितला अन् बूट न काढता खाली फरशीवर बसला.

दुसऱ्या दिवशी ढोकीच्या यष्टीनं आप्पा हजर. हिंडायची परवानगी मिळालेली, पहिली फेरी दुकानावर. डॉक्टरनं घरच्यांना बजावलेलं, यांना धक्का बसंल असं काय बी सांगायचं न्हाय. आता ह्या माणसाला कसं सांगायचं की तुमच्या लेकीचं लग्न गेलं?

दत्तानं सांगितलं, काम चालू हाय. आप्पा माझ्या शेजारी बाकावर बसले. दुपारी घरी गेले, दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. मग रोजच. दत्ताचा चहा निवायचा, दाढी वाढली, यष्टी स्टँडकडनं कुणीबी आप्पांसारखं पांढऱ्या टोपीचं येताना दिसलं की तो आतल्या खोलीत जायचा. बोलायचं काम महादूवर. महादूनं एक दिवस थाप मारली, "आप्पा, गाणी कोणती टाकायची तेवढंच अडलंय." दुसऱ्या दिवशी आप्पा घरून गाणी ठरवून आले, अन् महादूला एकेक गाऊन दाखवलं. गिऱ्हाईक थांबून ऐकायला लागलं.

माझं काम एकच. दुपारची बीपीची गोळी आप्पा विसरायचे, मी आठवण करायचो. एकदा म्हणले, "घरी मनीच इचारायची, आप्पा गोळी घेतली का. लई डोकं खायची. ती गेल्यापासून ध्यानातच राहत न्हाय बघा."

* * *

दत्ताला कुणीतरी फोनवर सांगितलं, बिघडलेली डिस्क फ्रिजमधी ठेवली की चालू होते. बुडणाऱ्या माणसाला कायबी पटतं. त्यानं एक डिस्क पिशवीत बांधून दुकानामागच्या घरातल्या फ्रिजात ठेवली. थोड्या वेळानं राधाक्कांनी दुधासाठी फ्रिज उघडला अन् पिशवी हातात घेऊन बाहेर आल्या. "दत्ता, ह्याला इरजण लावलंय का रं?"

त्याच वेळेला वैशाली मॅडम दारात. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात, घरी असली कामं करतात. दत्तानंच बोलावलेलं. त्यांनी राधाक्कांच्या हातातली पिशवी बघितली अन् कपाळाला हात लावला.

"आजपासून ह्याला कुणी हात लावायचा न्हाय," म्हणल्या. "आणखी काय काय केलंय तुम्ही?"

दत्तानं महादूकडं बघितलं. महादूनं राधाक्कांकडं. राधाक्का म्हणाल्या, "पूजा केलीय."

दत्ता रडकुंडीला येऊन म्हणला, "मॅडम, चार-चार डिस्का होत्या हो. मला वाटलं आपलं सगळं सेफ हाय."

"चारी एकाच घरात होत्या ना? मग दुसरीकडं कॉपी कुठंय?"

मला माझा स्टेपनीचा सवाल आठवला, पण मी तोंड उघडलं न्हाय. बसलेल्या माणसाला अजून काय बसवायचं?

* * *

मॅडमनी आधी एकेका डिस्कची हुबेहूब नक्कल काढायला घेतली. म्हणल्या, जे करायचं ते नकलेवर, अस्सलला धक्का न्हाय. एक डिस्क चालताना कर्र कर्र करायची. तिची नक्कल निघत होती तोवर आम्ही सगळे दवाखान्यात बसल्यासारखे दबक्या आवाजात बोलायचो. राधाक्कांनी मिक्सर लावायचा बंद केला, चटणी पाट्यावर वाटली.

चौघींच्या नकला निघाल्या. पण तुकडे जुळवायचे तर कोणती डिस्क कोणत्या कप्प्यातली ते पाहिजे, अन् डब्याला सोताचंच काय आठवंना. महादूला इचारलं. "वरपासून काढून तशाच ओळीनं मांडल्या होत्या मॅडम. पण परत घालताना... डोळ्यापुढं नुसता पाट येतोय."

राधाक्का ओलं फडकं घेऊन पुढं आल्या. "पोरी, माझ्या कुंकवानं काय अडत असंल तर पुसून देते."

"थांबा काकू." मॅडमनी फडकं धरलं. चारी डिस्का उजेडाला धरून बघितल्या. मग इचारलं, "कुंकू लावताना बोट कितींदा भिजवलं?"

"एकदाच. ओळीनं लावत जायचं. प्रत्येकाला कशाला भिजवायचं?"

मॅडमनी डिस्का टेबलावर मांडल्या. पहिलीवर कुंकवाचा ओघळ आलेला, दुसरीवर गोल टिळा, तिसरीवर फिक्का, चौथीवर नुसती बोटाची खूण. त्याच क्रमानं नकला जोडल्या अन् यंत्र कामाला लावलं.

राधाक्का म्हणाल्या, "बघा. देवीनंच वाट दाखवली."

"देवीचं मला माहीत न्हाय काकू," मॅडम म्हणल्या, "तुम्ही कुंकू काटकसरीनं लावलं म्हणून बरं झालं."

* * *

यंत्र चालू होतं तोवर काय निघंल, काय न्हाय, कुणी सांगू शकत न्हवतं. मी आप्पांना यष्टी स्टँडवर सोडायला गेलो. गाडीला वेळ होता. आप्पा म्हणले, "चाचा, दत्ता जेवतो का न्हाय?"

मी म्हणलं, जेवतो की.

"खोटं बोलताव. बॉयलरवर जन्म गेला माझा. लाल दिवा अन् टींटीं काय असतं मला कळत न्हाय व्हय? पहिल्या दिवशीच कळलं, लग्न अडकलंय म्हणून."

मी त्यांच्या छातीकडंच बघत होतो.

"मग रोज कशाला येताव आप्पा?"

"मी यायचं थांबलो तर त्या पोराला वाटंल, आप्पाला कळलं, आप्पाला काय झालं. त्याचं तोंड बघितलं का? त्यालाच कायतरी होईल." यष्टी लागली. पायरीवर चढून परत वळले. "त्याला सांगू नका मला कळलंय म्हणून."

आता झालं काय, आप्पांपासून लपवायचं दत्ताचं गुपित माझ्याकडं, दत्तापासून लपवायचं आप्पांचं गुपित बी माझ्याकडं. दोघांच्या मधी बाकावर मी. पुढचे दिवस मला धड जेवण गेलं न्हाय. बायको म्हणली, "बिघडलं त्यांचं यंत्र, तुमचं पोट का बिघडलं?"

* * *

मग मॅडमचा निरोप आला, थोडंफार उघडतंय, घेऊन येते. त्या लॅपटॉप घेऊन आल्या तेव्हा आप्पा बाकावरच होते. दत्तानं मला खुणावलं, यांना चहाला बाहेर न्या. मी उठलो. आप्पा उठले न्हाईत. म्हणले, "चहा इथंच सांगा."

मॅडम हळूच बोलल्या, की कापून जोडून तयार केलेलं असं काय हाती लागलं न्हाय. कच्चं शूटिंग तेवढं सापडलंय, ते बी मधी मधी तुटकं. ढोकीच्या लग्नातलं काय निघतंय ते त्यांनी सोता बी अजून बघितलं न्हवतं.

"लावा," आप्पा म्हणले. दत्ता भिंतीला टेकला.

मांडव दिसला. लगेच चित्र फुटलं, हिरवे-जांभळे चौकोन झाले. थांबलं. महादूनं तोंड फिरवलं. मॅडमनी पुढचा तुकडा लावला. अक्षता दिसल्या, आवाज न्हाय. त्याच्या पुढचा लावला.

पाठवणी होती. माझी जीप दिसली, तिच्या अंगावर मी पुसायचं फडकं टाकलेलं. मनीषा चुलत्याच्या गळ्यातनं सुटून गाडीकडं निघाली, दोन पावलं चालली अन् वळून सरळ कॅमेऱ्याकडं बघायला लागली. पडद्यामागनं दत्ताचा आवाज आला, "ताई, इकडं नका बघू."

ती बघतच राहिली. पदरानं नाक पुसलं, अन् अगदी काचंजवळ येऊन म्हणली,

"आप्पा, गोळी घेतली का?"

दुपार उलटून गेली होती. गडबडीत त्या दिवशी मी बी विसरलो होतो.

आप्पांनी शर्टाच्या खिशात हात घातला, पुडी काढली, गोळी तळहातावर घेतली. पडद्यावरची नजर न काढता म्हणले, "चाचा, जरा पाणी द्या."