आत्याच्या ताऱ्यावर मंडप

बालाघाट स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने माझी दुर्बीण न्याहाळली आणि विचारले, "भैया, ये कौन-से पंप का पाइप है?" पुण्याहून निघून तिसऱ्या गाडीतून उतरलेल्या माणसात वाद घालायचे त्राण नसते. मी म्हणालो, याने आकाशातून पाणी काढतात. त्याने समाधानाने मान डोलावली आणि मला परसवाड्याच्या बसपर्यंत पोचवले.

परसवाड्याजवळच्या खेड्यात माझी शेवंता आत्या राहते. आई गेल्यावर चौथी ते दहावी तिनेच मला सांभाळले, आणि मी मात्र नऊ वर्षांत तिकडे फिरकलो नव्हतो. आताही निमित्त ताऱ्याचे. तिच्या भोळ्या जावयाने कुठल्याशा कंपनीकडून उत्तरेकडच्या एका अंधूक ताऱ्याला तिचे नाव देववून, त्याच्या प्रमाणपत्राचा कागद फ्रेम करून भेट दिला होता. आत्याने तो गावभर मिरवला. शेजारची कौसल्याबाई म्हणाली, आधी तारा दाखव. लगेच मला फोन आला, "तू ये अन् दाखव. माह्या इज्जतीचा सवाल हाय."

अशा नावांना खगोलशास्त्रात कोणी विचारत नाही, हे मला ठाऊक होते. आत्याला ते कसे सांगावे, हे ठाऊक नव्हते. गेल्या गेल्या तिने चिन्नोरचा भात (इथला सुवासिक तांदूळ) तीनदा वाढला. तिसऱ्या वाढीला मी धीर करून म्हणालो, तो कागद कवडीमोलाचा आहे.

"मले मालूम हाय," आत्या म्हणाली. "पर आता मंडप टाकला."

खरेच टाकला होता. आमच्या गावात मंडपाशिवाय झालेला कार्यक्रम झालाच नाही असे धरतात. विहारासमोर गुलाबी कापडाचे छत, झालर, खुर्च्या आणि चार हॅलोजन. तारा पाहायला जमलेल्या गावाला एकही तारा दिसू नये, याची चोख व्यवस्था होती. छत काढा म्हटल्यावर मंडपवाला दुखावला. पुण्याच्या पाहुण्याच्या डोक्यावर दव पडले तर गावाची काय शोभा, असे त्याचे म्हणणे. शेवटी आत्या काठी घेऊन उठली, तेव्हा छत उतरले आणि दिवे विझले.

शर्मिष्ठा आणि ध्रुव यांच्यामधल्या ओसाड पट्ट्यात तो तारा शोधायला मला अर्धा तास लागला. पाठीमागे गाव खोकत होते, चहा पीत होते आणि माझ्या शिक्षणाविषयी शंका घेत होते. अखेर एक फिकट, तांबूस ठिपका सापडला. पहिला मान कौसल्याबाईने घेतला.

"एवढुसाच?" ती म्हणाली.

मी घाईघाईने सांगू लागलो की हा राक्षसी तारा आहे, याच्यापुढे आपला सूर्य म्हणजे वाटाणा. आत्याने मला बाजूला सारले आणि बराच वेळ डोळा लावून पाहिले.

"मोठाच हाय," ती कौसल्याबाईला म्हणाली. "दूर राह्यला त असाच दिसते. हा माहा भाचा पाय ना. पुण्याहून मले एवढुसाच दिसते."

गाव हसले. मीही हसलो, पण मला फार लाज वाटली.

सकाळी निघताना दुर्बीण तिच्याकडेच ठेवली. पुण्यात तसेही आकाश नाहीच, आणि दुसऱ्याला दूरचे दाखवत फिरण्याचा माझा तोरा रात्रीच उतरला होता. पुढच्या महिन्यात न्यायला येतो, म्हणालो.

"हौ," आत्या म्हणाली. "तवा मंडप नाही टाकत. तो पाहुण्यायले असते."